दोन्ही हात सोडून

सर सकाळी कॉलेजच्या फाटकातून आत शिरत, तेच दमलेले. हजेरी घेण्याआधी दमलेले, हजेरी घेतल्यावर आणखी दमलेले. शिपायाने चहा आणला की म्हणत, "ठेव तिथे. प्यायचासुद्धा दम नाही आत्ता." मग तो चहा पार गार झाला, वर साय धरली, की एका घोटात संपवत आणि पुन्हा म्हणत, "दमलो."

आमच्या कॉलेजात ते खेळाचे शिक्षक होते. इतका थकलेला खेळाचा शिक्षक मी त्यापूर्वी पाहिला नव्हता. पुढे माझी सगळी नोकरी शाळांमध्येच गेली, तरी पुन्हा पाहिला नाही. आता मीही निवृत्त आहे. संध्याकाळी पडवीतल्या खुर्चीत बसताना माझ्याही तोंडून तोच शब्द निघतो, बायको आतून विचारते, "काय केलंत एवढं?" आणि मला उत्तर देता येत नाही. सरांनाही कोणी हे विचारलं की देता येत नसे.

उंच, किंचित पुढे वाकलेले, आणि डावा हात कोपरात कायमचा वाकडा. तरुणपणी ते उत्तरेकडे कुठेतरी गिर्यारोहणाच्या शिक्षणाला गेले होते. परत येताना प्रशस्तिपत्र नव्हतं, हा हात होता. त्याबद्दल ते फार बोलत नसत. एवढंच सांगत, की तिथे बर्फ पडून सगळे अडकले की त्यांचे शिक्षक झोपडीच्या दगडी भिंतीवर चढत आणि मधेच दोन्ही हात, दोन्ही पाय सोडून वरच्या दगडाकडे झेप घेत. "मांजर कसं कपाटावर जातं, तसे," सर म्हणत. "आवाज नाही. धडपड नाही. मी आयुष्यात पाहिलेली ती एकच सुंदर गोष्ट." त्यांची पत्नी बाजूला बसलेली असली तरी हे वाक्य ते बदलत नसत.

भिंत दिसली की त्यांचा हात तिच्यावर जाई. बोलता बोलता ते दाराच्या चौकटीच्या वरच्या पट्टीला बोटांची टोकं अडकवून उभे राहत, जणू ती सोडली तर खालीच कोसळतील. आमच्या प्राचार्यांनी नवीन घर बांधलं, वास्तुशांतीला सगळ्या स्टाफला बोलावलं. जेवणाच्या वेळी सर दिसेनात. शेवटी मागच्या बाजूला सापडले, नव्या जांभ्याच्या भिंतीवरून तळवा फिरवत. प्राचार्यांच्या बाईंनी कौतुकाने विचारलं, "चांगली झाली आहे ना भिंत?" सर म्हणाले, "चांगली आहे. पण गवंड्याने धरायला काही शिल्लक ठेवलं नाही हो." बाईंना वाटलं बांधकामात खोट आहे. प्राचार्यांनी दुसऱ्या दिवशी गवंड्याला बोलावून घेतलं.

कॉलेज तेव्हा नवीन होतं. जिल्हाही नुकताच वेगळा झाला होता. पुरेशी इमारत नव्हती म्हणून बंद पडलेल्या एका काजूच्या कारखान्याचं गोदाम जिमखान्यासाठी मिळालं होतं. आत गेलं की भाजलेल्या टरफलांचा उग्र वास अजून यायचा. छप्पर कौलारू आणि चांगलं उंच, चारही भिंती जांभ्याच्या. इतरांना तिथे कॅरम आणि टेबलटेनिस दिसलं. सरांना मागची भिंत दिसली. पावसात बाहेरच्या कड्यांवर शेवाळ धरतं, पाय ठरत नाही, तेव्हा पोरांना चढायला आतच शिकवायचं, असं त्यांनी ठरवलं. सुट्टीत एक गवंडी धरून त्यांनी त्या भिंतीतले काही दगडी चिरे चार बोटं बाहेर काढून घेतले, काही ठिकाणी खोबणी पाडून घेतल्या, मधेमधे फणसाच्या लाकडाचे ठोकळे बोल्टने बसवले. खाली काथ्याचा भुसा भरलेली पोती, एकावर एक. हाताला घाम येऊ नये म्हणून कॅरमची पावडर. ऑफिसातले क्लार्क त्या पावडरीवरून रोज कटकट करत. "कॅरम खेळणारी पोरा चार, आणि पावडर जाता गावजेवणाक पुरात इतकी!"

सर म्हणत, "लिहा, खेळाडूंची बोटं जाड आहेत."

चढणं त्यांनी आम्हाला फार शिकवलं नाही. ते म्हणत, चढणं कोणालाही येतं, लहान मूल पाळण्याबाहेर चढतंच की. त्यांना शिकवायची होती ती झेप. भिंतीच्या मध्यावर एक रुंद ठोकळा होता, आणि त्याच्या बराच वर, कोणाचाही हात पोचणार नाही इतक्या अंतरावर, एक बाहेर काढलेला चिरा. मधे काहीच नव्हतं. मुद्दाम ठेवलं नव्हतं. खालच्या ठोकळ्यावरून सगळं सोडायचं आणि वरचा चिरा धरायचा.

"हातांनी ओढू नका," सर पोत्यांवर बसून सांगत. "हात दोरीसारखे सैल सोडा. खाली बसा, अगदी खाली. उडी पायात असते. डोळे वरच्या चिऱ्यावर. आणि चिरा धरलात की संपलं असं समजू नका, तेव्हा पिछाडी बाहेर फेकली जाते, ती आवरा. पुष्कळजण पोचतात आणि मग सुटतात."

शशी नावाचा एक मुलगा होता, बंदरावरच्या दुकानदाराचा. त्याला भीती कसलीच नव्हती. तो उडी मारायचा, चिऱ्यापर्यंत पोचायचा आणि धरायचं विसरून हसत खाली पडायचा.

"शशी, तू नुसता उडतोस," सर कंटाळून म्हणत. "बेडूक उडतो तसा. कुठे जायचं ते ठरवून नीघ की रे."

"सर, पडूक मजा येता."

"ती येतेच. पण फी त्याची भरलेली नाही तू."

एकदा त्यांनी आम्हाला जिमखाना सोडून खाडीच्या तोंडाशी नेलं आणि धक्क्यावर बसवलं. भरती चढत होती. "बघत राहा," म्हणाले आणि स्वतः खांबाला टेकून डोळे मिटले. आम्ही बसलो. ऊन लागत होतं, पोटात भूक होती. शशी दोनदा उठून भजी खाऊन आला. बऱ्याच वेळाने पाण्यावरचा पाला वाहायचा थांबला. होडीचा दोर ना इकडे ताणलेला, ना तिकडे. सरांनी डोळे न उघडता विचारलं, "थांबलं?" आम्ही म्हटलं, "थांबलं." "झेपेत पण असंच होतं. वर जाणं संपलेलं असतं, खाली येणं लागलेलं नसतं. तेवढ्यात धरायचं. तेव्हा अंगाला वजन नसतं. आधी धरलंत तर हिसका बसतो, नंतर धरलंत तर मिळत नाही." मग उठले, पँट झटकली. "चला. दमलो."

मी त्या भिंतीपर्यंत कसा पोचलो, ते सांगायला हवं. माझे वडील पाडेली, म्हणजे माडावर चढून लोकांचे नारळ पाडून देणारे. वालावलच्या बाजूला आमचं घर. शाळेत असताना सुट्टीत मी त्यांच्याबरोबर चढत असे. दहावीचा निकाल लागला त्या दिवशी बाबांनी पायात अडकवायचा दोर माझ्या हातातून काढून घेतला. "आता ह्याका हात लावचो नाय. तू चढलंस असा माझ्या कानावर इला, तर शिक्षण बंद." आमच्या घराण्यात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. त्यांनी मला माडावरून उतरवलं नसतं, तर हे चार शब्दही मी लिहू शकलो नसतो. त्यांच्याबरोबर कामाला लागलेले दोघेतिघे माडावरून पडले होते. बाबा त्यांची नावं घेत नसत.

कॉलेजात पहिल्याच आठवड्यात सरांनी मैदानात सगळ्यांचे हात तपासले आणि मग, कोणाला काही न सांगता, पाय. माझ्यापाशी येऊन ते खाली बसले. घोट्याच्या आतल्या बाजूचा दोराचा घट्टा त्यांनी अंगठ्याने दाबून बघितला. "माड?" मी मान हलवली. "संध्याकाळी गोदामात ये," म्हणाले, आणि उठताना माझ्याच खांद्याचा आधार घेतला.

मी गेलो. बाबांची अट डोक्यात होती, पण ती माडापुरती आहे अशी मी माझी समजूत करून घेतली. चढणं मला जड नव्हतंच. थोड्याच दिवसांत भिंतीवरचा प्रत्येक चिरा माझ्या ओळखीचा झाला. फक्त झेप जमेना. मी खाली बसायचो, पाय ताठ करायचो, उजवा हात वर जायचा, आणि डावा ठोकळ्याला चिकटलेला राही. मी मधेच ताणला जाऊन परत आदळायचो. असं कितीतरी संध्याकाळी झालं. शशी खालून ओरडे, "अरे, ठोकळो चोरून नेवचो नाय कोण! सोड!"

सरांनी एकदा विचारलं, "भीती वाटते?"

"नाही सर."

"मग?"

माझ्या कानात बाबांचा आवाज होता. लहानपणी पहिल्यांदा माडावर चढवताना ते खालून सांगत, "एक हात सुटलो तर दुसऱ्यान धर. दोनय सुटले तर देव पण धरूचो नाय." हे मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे मी शिकवून उपयोग नाही. हे ज्याने बांधलं त्यानेच सोडायला हवं. घरी विचारलं आहेस ना चढायचं?"

मी तळव्यांवरची पावडर झटकत राहिलो.

"दमवता रे तुम्ही," ते म्हणाले.

रविवारी सर एसटीने आमच्या गावी गेले. मला न सांगता. मी त्या दिवशी कॉलेजजवळच्या माझ्या खोलीवरच होतो. तिथे काय झालं ते मला आईकडून कळलं. बाबांनी त्यांना घरासमोरच्या खळ्यात बसवलं, शहाळं फोडून दिलं. कॉलेजचे सर घरी आले म्हणून आई आत पदराने डोळे पुसत होती. सर बाहेर शुद्ध मराठी बोलत, पण मूळचे इथलेच. शहाळं संपवून त्यांनी सरळ सांगितलं, "तुमचो झिल माझ्याकडे भिंतीवर चढता. बरो चढता. पण हात सोडूक घाबरता. तुमी त्येका सांगा."

"काय सांगू?" बाबा म्हणाले.

"सोड म्हणान."

बाबा उठले. सरांना फाट्यापर्यंत पोचवायला गेले, बस येईपर्यंत बाजूला उभे राहिले, नमस्कार केला. घरी येऊन आईला म्हणाले, "उद्या त्येका घेऊन येतंय. पुरे झाला."

त्या भिंतीचं पुढे काय झालं, ते इथेच सांगून टाकतो. मी पदवीला बसलो त्या वर्षी कॉलेजला नवी इमारत मिळाली, गोदाम मालकाला परत गेलं, आणि त्याने बाहेर आलेले चिरे छिन्नीने सपाट करून घेतले. सर त्यानंतर फार वर्षं नोकरीत राहिले नाहीत. मी झेप घेतली, चिरा धरला, पिछाडीसुद्धा आवरली, असं गोदाम जाण्याआधी एकदाच नीट घडलं. सरांनी बघितलं आणि जांभई दिली. म्हणाले, "हं. आवाज जरा झाला." शशीला ते फार लागलं, मला नाही. त्यांच्या तोंडून याहून मोठं काही निघालं असतं तर मला खरं वाटलं नसतं.

पण हे सगळं नंतरचं. त्या सोमवारी संध्याकाळी मी भिंतीच्या मध्यावर होतो, तेव्हा दारात बाबा येऊन उभे राहिले. खोलीवर जाऊन त्यांनी माझी वळकटी बांधूनही आणली होती. ती त्यांच्या खांद्यावर होती.

"खाली उतर," ते म्हणाले. ओरडले नाहीत.

मी उतरलो. कॅरम थांबला. सर पोत्यांवर बसले होते, ते उठले.

"माडावरसून तुका खाली उतरयलंय, तां परत भिंतीवर चढूक नाय," बाबा मला म्हणाले. मग सरांकडे वळले. "मास्तरानू, तुमी शिकलेली माणसा. तुमका राग येयत, तरी इचारतंय. ह्यो पडलो तर?"

"पडतलो," सर म्हणाले. "रोज पडता."

"रोज?"

"पयला पडूकच शिकवतंय मी. उडी मागसून."

बाबांनी वळकटी खाली ठेवली. "पडूक शिकवतास? आमच्यात पडलेलो माणूस परत शिकाक येणा नाय, मास्तरानू. मगे तुमी पडान दाखवा. बघतंय मी. नायतर माझो झिल माका द्या, ह्याच बशीन जातंय."

बस सुटायला अजून थोडा वेळ होता. सरांनी भिंतीकडे पाहिलं. आम्ही कोणीही त्यांना तिच्यावर चढताना कधी पाहिलं नव्हतं. ते खालून सांगत, बस. मी म्हटलं, "नको सर, जातो मी." त्यांनी माझ्याकडे लक्षच दिलं नाही. चपला काढल्या, घड्याळ काढून शशीच्या हातात दिलं, दोन्ही तळव्यांना पावडर चोळली.

"दमलंय मी," ते बाबांना म्हणाले. "पण बघूया."

वाकड्या हाताने ते चढताना बघवत नव्हतं. तो हात ताठ होत नसल्यामुळे प्रत्येक चिऱ्याशी त्यांना अंग भिंतीला घासून वर घ्यावं लागत होतं. मधल्या ठोकळ्यापर्यंत पोचायलाच त्यांना खूप वेळ लागला. तिथे ते खाली बसले, अगदी खाली, आम्हाला सांगत तसे. मान वर केली. नुसतं पडायचं असतं तर तिथूनच हात सोडता आले असते. पण त्यांनी झेप घेतली.

उजव्या हाताची बोटं चिऱ्यावर लागली. खरोखर लागली, मी पाहिलं. दुसरा हात पोचला नाही. क्षणभर ते एका हातावर लटकले, शरीर बाहेर फेकलं गेलं, बोटं निसटली आणि ते पाठीवर खाली आले. पोत्यांतून भुशाचा ढग उठला. बाबा दोन्ही हात पुढे करून धावले होते. ते भुशात तसेच हात पसरून उभे राहिले.

ढगातून सरांचा आवाज आला. "पडलंय." मग खोकला. मग, "मरूक नाय."

बाबा गुडघ्यांवर बसले. सरांचे खांदे, डोकं, पाय त्यांनी हातांनी चाचपून पाहिले. मग पोतं चाचपलं. मूठ आत दाबली, काढली, परत दाबली. वर त्या चिऱ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा पोत्याकडे. बराच वेळ ते असंच करत राहिले. शेवटी त्यांनी विचारलं, ते इतक्या खाली मान घालून, की मला आधी वाटलं माझ्याशीच बोलतायत.

"मास्तरानू, माका एकदा सोडूक मिळात?"

सर आडवेच होते. त्यांनी कुशीवर सरकून जागा करून दिली.

बाबांनी डोक्याचा टॉवेल काढून माझ्याकडे दिला. चढताना ते कुठेच अडखळले नाहीत. मधल्या ठोकळ्याला दोन्ही हातांनी लोंबकळले, पाय मोकळे सोडले आणि तसेच राहिले.

"सोडा," सर म्हणाले.

"सोडतंय."

काही झालं नाही.

"सोडा हो."

"सोडतंय म्हटलंय मां!"

हात सुटत नव्हते. दंडांच्या शिरा ताठ झाल्या होत्या, डोळे मिटलेले. ज्या हातांनी आमचं घर चालवलं, ते हात त्यांचं ऐकत नव्हते. शशीसुद्धा हसला नाही. मग एक करंगळी सुटली. तिच्या शेजारचं बोट सुटलं. आणि मग बाबा एकदम, काहीच आवाज न करता, खाली आले.

मी धावलो. "बाबा, लागलं?"

ते पाठीवर पडून कौलांकडे बघत होते. तोंडावर भुसा. "नाय," म्हणाले. बऱ्याच वेळाने स्वतःशीच म्हणाले, "ह्या असा असता होय."

बाहेर बसचा हॉर्न वाजला. मी वळकटीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. ते उठण्याची चिन्हं दिसेनात. हॉर्न दुसऱ्यांदा वाजला, गाडी निघाल्याचा आवाज आला आणि बाजारपेठेच्या वळणावर विरून गेला. शेजारी सरांचा डोळा लागला होता. वाकडा हात छातीवर, तोंड थोडं उघडं, श्वास संथ. शशी फिस्सकन हसला, तसे बाबा कोपरावर उठले आणि दबक्या आवाजात त्याच्यावर गुरगुरले, "हसतंस काय रे मेल्या? मास्तर दमलेत. दिसणा नाय?"

मग त्यांनी मला पाहिलं. मी त्यांचा टॉवेल हातात घेऊन भिंतीखाली उभा होतो.

"आणि तू उभो काय रवलंस?" ते कुजबुजले. "चढ. आवाज करू नको."